मका, घेवडा, भोपळा एकत्र लावायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगून ठेवते, हे सगळं न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाच्या, रॉचेस्टरच्या आसपासच्या हवामानाच्या हिशोबाने लिहिलंय, म्हणजे मे अर्धा संपेपर्यंत दव गोठायची भीती आणि ऑक्टोबरमध्ये परत तेच. पुण्या-नाशिकहून विचारणाऱ्यांसाठी खाली वेगळं उत्तर आहे, पण वरचं वाचल्याशिवाय डायरेक्ट तिकडे उडी मारू नका, अर्धी कारणं वरच आहेत.

हे "थ्री सिस्टर्स" प्रकरण नक्की काय आहे?

मका, वेलाचा घेवडा आणि भोपळा एकाच मातीच्या ढिगावर लावायचे, पण एकाच दिवशी नाही. मका सरळ वर जातो, घेवडा त्याला धरून चढतो, भोपळा खाली पसरतो आणि त्याची पानं जमीन झाकतात, त्यामुळे तण कमी येतं आणि ओल टिकते. ही पद्धत इथल्या मूळ लोकांची. आमच्या भागात होडेनोशोनी लोकांची, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा ही सहा राष्ट्रं. रॉचेस्टरपासून जवळच व्हिक्टर गावाला गॅनोंडागन म्हणून जागा आहे, तिथे सेनेकांचं मोठं गाव होतं, ते 1687 मध्ये फ्रेंच फौज आली तेव्हा जळालं आणि साठवलेला मका, उभी शेतं सगळं नष्ट केलं. पुढे 1779 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या फौजेने परत तेच केलं, गावागणिक शेतं जाळत गेले. माणसं हरवायची तर आधी त्यांचा मका जाळा, इतकं त्या पिकावर सगळं उभं होतं. आज गॅनोंडागनला ह्याच लोकांच्या पांढऱ्या मक्याचा प्रकल्प चालतो, पीठ विकत मिळतं, जवळ राहत असाल तर जाऊन या.

आणि 2009 चं एक डॉलरचं नाणं कधी हातात आलं तर उलटं करून बघा, त्यावर बाई बी पेरतेय आणि आजूबाजूला हीच तीन पिकं आहेत.

मेक्सिको आणि ग्वातेमालात हेच त्रिकूट अजून जुनं आहे, तिथे त्या शेताला मिल्पा म्हणतात आणि त्यात मिरची, टोमॅटो, आपसूक उगवणाऱ्या पालेभाज्या असलं बरंच काही असतं.

गेल्या वर्षी लावलं होतं. मका आडवा झाला, घेवड्याचं जाळं झालं, कणसं काढायला आत पाय ठेवता येईना. कुठे बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: स्वीट कॉर्न लावलं, कोवळ्या शेंगा खायचा घेवडा लावला आणि झुकिनी लावली.

मुळात ही पद्धत रोज भाजी तोडायची नाहीच. ही हिवाळ्याच्या साठवणीची पद्धत आहे. मका झाडावरच वाळतो, शेंगा वेलावरच वाळतात, भोपळा जाड सालीचा होईपर्यंत जमिनीवर पडून राहतो आणि मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदाच आत शिरून सगळं बाहेर काढायचं. मधल्या काळात तुम्हाला तिथे कामच नाही. आता ह्यात स्वीट कॉर्न घातलं की ते दुधाळ असतानाच, म्हणजे केस आल्यावर साधारण तीन आठवड्यांत काढावं लागतं, दोन-चार दिवस पुढे गेलं की पीठूळ होतं, कोवळ्या शेंगा एक दिवसाआड तोडाव्या लागतात, झुकिनीचं तर विचारूच नका, आज बोटाएवढी दिसली ती परवा लाटण्याएवढी. म्हणजे रोज त्या काटेरी पानांत पाय घाला, वेल तुडवा, घेवड्यासकट मका ओढा. शिवाय स्वीट कॉर्नचे दांडे बुटके आणि नाजूक, त्यांना घेवड्याचं ओझं पेलत नाही.

स्वीट कॉर्न खायचंच असेल तर ते वेगळ्या वाफ्यात लावा, सुखात राहाल.

मग कुठल्या जाती घ्यायच्या?

मका: वाळवून ठेवायचा, उंच, जाड दांड्याचा. बियांच्या पाकिटावर फ्लिंट, डेंट किंवा फ्लोअर कॉर्न लिहिलेलं असतं. उंच पॉपकॉर्नही चालतो, पोरं खुश होतात.

घेवडा: पोल बीन पाहिजे, बुश बीन नको. पाकीट नीट वाचा कारण बुश बीन चढतच नाही, भोपळ्याच्या पानांखाली अंधारात बसून राहतो. वाळवून खायची जात घ्या. आणि फार जोमदार जात असेल तर मक्यालाच खाली खेचते, म्हणून मध्यम वाढीची बरी.

भोपळा: पसरणारा वेल, विंटर स्क्वॉश, म्हणजे जाड सालीचा साठवणीचा भोपळा. माझं मत विचाराल तर बटरनट. तो आपल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला आहे, भाजीची चव जवळची लागते, आणि इकडची खोड पोखरणारी अळी असते ना, ती ह्या कुळाच्या भरीव देठाला सहसा त्रास देत नाही. हॅलोविनचे मोठे केशरी भोपळे त्या अळीला पटकन बळी पडतात.

होडेनोशोनींच्या सगळ्या जुन्या जाती बाजारात विकत मिळत नाहीत आणि त्या मिळाल्याच पाहिजेत असंही नाही. काही कुटुंबं ते बी वारसा म्हणून जपतात.

जागा किती लागते? ढीग कसे करायचे?

दहा बाय दहा फूट, आणि दिवसभरात सहा ते आठ तास ऊन. त्याहून कमी जागेत करता येतं पण मक्याचं परागण बोंबलतं (पुढे लिहिलंय). एवढ्या जागेत तीन-तीनच्या तीन ओळी, म्हणजे नऊ ढीग बसतात, मध्यापासून मध्यापर्यंत चार फूट अंतर. ढीग साधारण फूटभर उंच, दीड-दोन फूट रुंद आणि डोकं सपाट, टोकदार केलं तर पाणी घसरून जातं. मधे कंपोस्ट किंवा मुरलेलं शेणखत भरपूर घाला.

ढीग कशासाठी, तर इथली माती मे महिन्यातही गारठलेली असते आणि उंच केलेली माती लवकर तापते, पाणीही साचत नाही. आता ॲरिझोना-न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या भागात असाल तर ढीग करूच नका, तिथे झुनी लोक उलटं करतात, मातीचे छोटे बांध घालून चौकोनी खोलगट आळी बनवतात म्हणजे पाणी आत राहतं. पद्धत एक असली तरी माती बघून वागायचं, आंधळेपणाने फोटो बघून ढीग करत बसू नका.

कधी काय लावायचं? सगळं एकदम टाकलं तर?

एकदम टाकलं तर घेवडा मक्याच्या डोक्यावर बसेल. सगळा खेळ ह्या टायमिंगचा आहे.

मका पहिला. गोठायची भीती गेली आणि माती 16 अंश सेल्सियसच्या वर गेली की, आमच्याकडे मे अखेर. प्रत्येक ढिगावर सहा-सात दाणे इंच-दीड इंच खोल टोका, उगवल्यावर विरळणी करून चारच ठेवा, एकमेकांपासून अर्धा फूट. विरळणी करताना हात अडखळतो सगळ्यांचाच, पण करा.

मका वीतभर झाला, म्हणजे साधारण दोन-तीन आठवड्यांनी, की मग घेवडा. त्याआधी ढिगावरचं तण खुरपून टाका आणि मक्याच्या बुंध्याला मातीची भर द्या, ही भर दिली नाही तर पहिल्या वादळात मका झोपतो. मग प्रत्येक मक्यापासून तीनेक इंचावर एकेक बी. मका किरकोळ दिसत असेल तर अजून थांबा, फूटभर होऊ द्या. घेवडा उशिरा लावून काही बिघडत नाही, लवकर लावून मात्र पूर्ण वाफा गेलेला बघितलाय.

त्यानंतर आठवड्याने भोपळा. नऊच्या नऊ ढिगांवर नको! चार-पाच वेल पुरतात, कडेच्या ढिगांच्या पायथ्याशी लावा आणि टोकं बाहेरच्या बाजूला वळवा.

मिल्पामध्ये बऱ्याच ठिकाणी मका आणि घेवडा एकाच खड्ड्यात एकदम टाकतात हे खरं आहे, पण त्यांचा मका दहा-बारा फूट वाढणारा असतो.

कणसात दाणे अर्धेच भरतात, मधे मधे दात पडल्यासारखे, का?

परागण झालं नाही. मक्याच्या कणसाला ते केस असतात ना, त्यातला प्रत्येक केस एका दाण्याला जोडलेला असतो, आणि त्या केसावर तुऱ्यातला पराग पडला तरच तो दाणा भरतो. हे काम वारा करतो, मधमाशी नाही. म्हणून मका एका लांब ओळीत न लावता चौकोनी गठ्ठ्यात लावायचा. झाडं कमी असतील तर सकाळी दव सुकल्यावर तुरे हलवा, किंवा तुरा कागदी पिशवीत झटकून तो पिवळा भुगा केसांवर टाका, चार-पाच दिवस रोज.

केस यायच्या दिवसांत पाणी कमी पडलं तरी असंच होतं. त्या दोन-तीन आठवड्यांत सुट्टीवर जाणार असाल तर शेजाऱ्याला पाणी घालायला सांगून जा.

घेवडा जमिनीत नत्र सोडतो ना, मग खत कशाला घालायचं?

अर्धवट खरं. घेवड्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यात रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र धरतात. पण तो नत्र घेवडा स्वतःच वापरतो, शेजारच्या मक्याला त्याच हंगामात फारसं काही मिळत नाही. मुळं, पानं कुजली की पुढच्या पिकाला मिळतं. त्यातही घेवडा म्हणजे शेंगवर्गीयांमधला जरा आळशी मेंबर, सोयाबीन किंवा चवळी इतका नत्र धरत नाही. आणि मका खादाड आहे. त्यामुळे कंपोस्ट घालायचंच, आणि मका गुडघ्याएवढा झाला की परत थोडं. इंटरनेटवर "खताची गरजच नाही" असं लिहिलेलं असतं ते सोडून द्या.

मग एकत्र लावून फायदा काय? फायदा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या जेन माउंट प्लेझंट, ज्या स्वतः टस्करोरा वंशाच्या आहेत, त्यांनी ह्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या आकडेमोडीत ही तीन पिकं एकत्र लावल्यावर एकरी मिळणारी ऊर्जा आणि प्रथिनं, दोन्ही वेगवेगळ्या वाफ्यांत लावण्यापेक्षा जास्त निघतात. सूर्यप्रकाश वर, मधे, खाली तिन्ही मजल्यांवर वापरला जातो, मुळंही सगळ्यांची वेगवेगळ्या जागी.

मक्याखाली मासा पुरायचा म्हणतात ते?

ती गोष्ट 1621 सालच्या प्लिमथची, म्हणजे इंग्रजांच्या किनाऱ्यावरच्या वसाहतीची, तिथल्या मूळ लोकांपैकी टिस्क्वांटमने इंग्रजांना शिकवलं ती. तो समुद्रकिनारा, वसंतात नदीत मासे ढिगाने चढायचे. तुमच्या सबर्बमध्ये बांगड्याची डोकी पुरलीत तर रात्री रकून (मांजरापेक्षा थोडा मोठा, रात्री फिरणारा प्राणी) येऊन पूर्ण ढीग उकरून जाईल, आणि एचओएची, म्हणजे इथल्या घरमालकांच्या सोसायटीची, चिठ्ठी येईल ती वेगळी.

रकून, खार, हरीण... भोपळ्याची काटेरी पानं त्यांना अडवतात ना?

असं लिहिलेलं सगळीकडे असतं. रकूनने ते वाचलेलं नाही. कणीस तयार झालं की त्याला तुमच्या आधी कळतं. खरंच उपयोगी पडते ती विजेच्या कुंपणाची दोन तारांची लाईन, जमिनीपासून सहा आणि बारा इंचांवर. हरणासाठी सात-आठ फुटी जाळी, ती कमी उंचीची लावून पैसे घालवू नका. पेरल्यावर पहिले दहा दिवस कावळे आणि खारी दाणे उकरतात, ढिगावर जाळीचा तुकडा दगड ठेवून पसरा.

भोपळ्याला फुलंच फुलं, फळ एक नाही

थांबा. आधी नर फुलं येतात, एक-दीड आठवड्याने मादी, जिच्या मागे चिमुकला भोपळा दिसतो. ती आल्यावरही फळ पिवळं पडून गळत असेल तर मधमाश्या कमी पडतायत, मग सकाळी नऊच्या आत नर फूल तोडून पाकळ्या काढून मादी फुलात फिरवा. जास्तीची नर फुलं बेसनात बुडवून भजी करा, मेक्सिकोतही ती फुलं आवडीने खातात.

वेल दुपारी मरगळतो आणि संध्याकाळी उठतो तर ते फक्त ऊन. संध्याकाळीही उठत नसेल तर बुंध्याशी भुशासारखी घाण दिसते का बघा, ती अळी. देठ उभा चिरून अळी काढा, जखमेवर ओली माती चढवा, कधी वाचतो कधी नाही.

जवळजवळ लावल्याने क्रॉस होऊन चव बिघडते का?

तिघांचं आपसात काही होत नाही. पण दोन प्रकारचे मके जवळ असतील तर होतं आणि त्याच वर्षी दिसतं, स्वीट कॉर्नवर फ्लिंटचा पराग पडला की दाणे पीठूळ होतात. दोन्हींची पेरणी दोन-तीन आठवडे पुढेमागे ठेवा. भोपळ्याचं उलट आहे: दोन जाती क्रॉस झाल्या तरी ह्या वर्षीचं फळ जसंच्या तसं, फरक त्याच्या बियांत, पुढच्या वर्षी. काकडी आणि भोपळा तर एकमेकांशी क्रॉस होतच नाहीत, तो आरोप काकडीवर उगीच होतो.

आम्ही महाराष्ट्रात आहोत, इथे जमेल का?

जमेल, आणि तिन्ही पिकं तुमच्या ओळखीचीच आहेत. मका, श्रावण घेवडा, लाल भोपळा हे सगळे मूळचे अमेरिकेतलेच, पोर्तुगीजांच्या काळापासून आपल्याकडे रुळले. कोरेगावचा वाघ्या घेवडासुद्धा ह्याच राजम्याच्या कुळातला. आणि मिश्र पीक काही आपल्याला नवीन नाही, ज्वारीत तूर, बाजरीत मटकी हे आजोबांच्या शेतात होतंच.

देशावर जून-जुलैमध्ये, पहिला चांगला पाऊस झाला की सुरुवात करा. ढीग किंवा उंच वरंबा पाहिजेच, मक्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो पिवळा पडतो. घेवड्याला जास्त उष्णता चालत नाही, तापमान सतत तीस-बत्तीसच्या वर राहिलं की फुलं गळतात, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात त्याऐवजी वेलाची चवळी लावा, काम तेच. वाघ्या घेवडा बहुतेक बुटका असतो, चढणारी जात विचारून घ्या. कोकणात भर पावसात हा उद्योग नको, पाऊस ओसरल्यावर मका आणि वाल करून बघा, भोपळ्याचा वेल मात्र नेहमीसारखा मांडवावर किंवा कौलावर जाऊ द्या.

काढणीचा फरक लक्षात घ्या. इथे शरद ऋतूत हवा कोरडी होते म्हणून सगळं झाडावर वाळतं. तुमच्याकडे सप्टेंबरचा परतीचा पाऊस शेंगा काळ्या करतो, कणसात बुरशी धरतो. त्यामुळे पाऊस असेल तर शेंगा पिवळ्या पडल्या की काढून घरात वाळवा.

कीड: 2018 पासून अमेरिकन लष्करी अळी भारतात आलीय, मक्याच्या पोंग्यात बसते. आठवड्यातून दोनदा पोंगे बघा, अंडीपुंज दिसला तर चिरडा, घरच्या पंचवीस-तीस झाडांना हाताने वेचणं आणि निंबोळी अर्क पुरतो. भोपळ्यावर तांबडे भुंगेरे आणि फळमाशी, छोट्या फळांना कागद किंवा कापड बांधा. माकडांवर माझ्याकडे उपाय नाही.

टेरेसवर? बाल्कनीत?

बाल्कनीत नको, खरंच नको. टेरेसवर दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल ग्रो बॅगा चार-पाच, एकमेकींना चिकटवून, प्रत्येकीत तीन-चार मके आणि तेवढेच घेवडे. भोपळ्याला वेगळी बॅग द्या, एकाच बॅगेत तिघं उपाशी राहतात. परागण हाताने. आणि आधी सोसायटीला स्लॅब आणि वॉटरप्रूफिंगबद्दल विचारा, ओली माती फार जड असते.

आईने गावाकडून बी पाठवलंय / येताना बॅगेतून आणू का?

नको. अमेरिकेत बी आणायला परवाना आणि कागदपत्रं लागतात, मक्यासारख्या पिकांवर जास्तच कडक नियम आहेत. बॅगेत असेल तर फॉर्मवर लिहा, लपवलंत तर दंड. इंडियन भाज्यांचं बी इथल्या कंपन्या विकतात.

काढणी कधी, किती निघेल?

कणसावरची पानं कागदासारखी झाली आणि दाण्यात नख रुतेना की मका. शेंगा हलवल्यावर खुळखुळल्या पाहिजेत. भोपळ्याचा देठ सुकून खरबरीत झाला पाहिजे, पहिल्या गोठणाऱ्या रात्रीच्या आधी तोडा, देठ दोन-तीन इंच ठेवून. मग आठ-दहा दिवस उबदार जागी ठेवून साल पक्की होऊ द्या आणि नंतर गार, कोरड्या बेसमेंटमध्ये. बटरनट फेब्रुवारीपर्यंत टिकतो.

दहा बाय दहाच्या तुकड्यातून वर्षाचं धान्य निघत नाही. चाळीसएक कणसं, डबाभर घेवडा, दहा-बारा भोपळे निघाले तर वर्ष चांगलं गेलं समजा. घेवड्याची मुळं उपटू नका, वेल कापून मुळं जमिनीतच ठेवा.

एवढा वाळका मका करायचा काय? आणि घेवडा?

मक्याची भाकरी सगळ्यांना माहिती आहे. पण नुसत्या मक्यात एक लबाडी आहे, त्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) शरीराला फारसं मिळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या (यूएसएच्या) दक्षिणेकडच्या राज्यांत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिन कमी पडल्याचा आजार, व्हायचा तो ह्यामुळेच. मूळ लोक वाळका मका सहसा तसाच खात नव्हते, मेक्सिकोत चुन्याच्या पाण्यात आणि होडेनोशोनी लाकडाच्या राखेत उकळून, सालं धुऊन मग वापरतात, त्यात ते नायसिन मोकळं होतं. घरी करायचं तर मेक्सिकन दुकानात मिळणारा खाण्याचा चुना घ्या, किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम, तासभर उकळून रात्रभर तसंच ठेवा, सकाळी चोळून चोळून धुवा. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं नको.

मक्यात लायसिन (प्रथिनांचा एक घटक) कमी, घेवड्यात भरपूर, म्हणजे वरण-भाताचाच हिशोब. होडेनोशोनी तर मक्याच्या पिठात शिजवलेला घेवडाच मिसळून पाव उकडतात.

घेवड्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे: वाळका घेवडा, खासकरून लाल, कच्चा किंवा अर्धवट शिजलेला पोटात गेला तर जोरात उलट्या होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका, त्याचं तापमान पुरत नाही. आपला शिट्टीचा कुकर उत्तम.

चौथं काही लावता येईल?

सूर्यफूल, उत्तरेच्या बाजूला, म्हणजे सावली वाफ्यावर पडत नाही. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या मूळ लोकांत मधमाश्या ओढणारी जांभळ्या फुलांची एक क्लिओम लावतात, ती इथेही येते. मिरची मात्र आत नको, भोपळा तिला गिळतो, कडेला कुंडीत ठेवा.